युद्धावरची डॉक्युमेंटरी, भरून आलेले डोळे आणि नंतरचा राडा

नळस्टॉप (धागाकर्ता)

प्रश्न सरळ आहे. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये युद्धावरचा राजकीय माहितीपट दाखवायचा आहे. ९४ मिनिटं, चाळीस खुर्च्या, प्रेक्षक सोळा वर्षांपासून पंच्याहत्तरीपर्यंत, नंतर पाऊण तास चर्चा. अशा कार्यक्रमांचं पुढे काय होतं ते ठरलेलंच असतं. दिवे लागतात, दोघं-तिघं डोळे पुसत असतात, चौघं घड्याळ बघत उठतात आणि पहिला माइक ज्याच्या हाती लागतो तो "तेव्हा कुठे गेले होते हे फिल्मवाले?" अशी सुरुवात करतो. पुढची चाळीस मिनिटं फिल्म बाजूला आणि एकमेकांची उणीदुणी सुरू.

फिल्म बघून जे ढवळून निघतं त्याचं काय करायचं, आपण नेमके कशाने हललो हे लोकांना तपासता कसं येईल आणि आधी-नंतर काय तयारी ठेवायची, एवढं सांगा. 'संवेदनशीलतेने हाताळा' छापाचे सल्ले नकोत. खुर्च्या, आवाज, मिनिटं, कागद या भाषेत बोला. फिल्मचं नाव मुद्दामच देत नाही, नाहीतर धागा त्या युद्धावर घसरेल.

कट_टू

चर्चा जो चालवणार त्याने फिल्म आधी दोनदा बघायची. एकदा सरळ. दुसऱ्यांदा फक्त ज्या तीन-चार जागी आवंढा आला होता तेवढ्याच, हातात वही घेऊन. वहीत चार रकाने: वेळ, दिसलं काय, ऐकू काय आलं, मला काय झालं. 'दिसलं काय'मध्ये विशेषणाला बंदी. 'दुःखी आई' लिहायचं नाही. 'चाळिशीची बाई, डोक्याला रुमाल, कॅमेऱ्याच्या डावीकडे बघते, ७ सेकंद' असं लिहायचं.

या प्रकारच्या फिल्ममध्ये हमखास सापडणारा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. पडलेली भिंत, ४ सेकंद. ढिगाऱ्यात लहान मुलाची एकच चप्पल, ३ सेकंद. बाईचा चेहरा, ७ सेकंद. पुन्हा चप्पल, आता जवळून, ६ सेकंद. मागे वारा आणि चेहऱ्यावर आल्यावर चेलोचा एक लांब सूर. बघणाऱ्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं: आईला आपल्या मुलाची चप्पल दिसली. आता वही बघा. बाई आणि चप्पल एका चौकटीत कुठेही नाहीत. ती त्याच गल्लीतली आहे का, त्याच दिवशीची आहे का, चप्पल बघतेय की पाण्याचा टँकर, यातलं काहीही पडद्यावर नाही. खरं असू शकतं, बऱ्याचदा असतंही. पण ते पाहिलेलं नाही, आपण जोडलेलं आहे.

हे काही नवं नाही. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या बशीला, एकदा शवपेटीला जोडला आणि लोकांना त्यात भूक आणि शोक दिसला, ही गोष्ट संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. ते मूळ रीळ आज शिल्लक नाही, पण त्यातलं तत्त्व प्रत्येक बातमीपत्रात रोज वापरलं जातं.

राजकीय माहितीपटात याच्या पुढची पायरी येते: दोन खरे तुकडे शेजारी ठेवणं. व्हिएतनामवरच्या 'हार्ट्स अँड माइंड्स'मध्ये (१९७४) एका अंत्ययात्रेचं चित्रण आहे, शवपेटीमागोमाग कबरीत उतरू पाहणाऱ्या बाईला लोक धरून ठेवतात. त्याला जोडून तिथल्या अमेरिकन फौजांचे सेनापती जनरल वेस्टमोरलंड सांगताना दिसतात की पौर्वात्य माणूस जिवाची तेवढी किंमत करत नाही. दोन्ही चित्रणं खरी. वाक्यही त्यांचंच. पण ज्या सैनिकाचं ते दफन आहे तो दक्षिण व्हिएतनामचा, म्हणजे अमेरिकेच्याच बाजूने लढणारा. हे बघताना लक्षात राहतं का? बहुतेकांच्या नाही राहत, कारण तोपर्यंत संताप चढलेला असतो. चर्चेत नेमका असा एक जोड पकडा आणि त्यावर दहा मिनिटं द्या. अख्ख्या फिल्मची चिरफाड करायला जाऊ नका.

भोचक भवानी

म्हणजे माणसं मेलेली बघायची आणि चेलोचे सूर मोजत बसायचं? छान. रडू आलं तर रडू द्या की लोकांना. वहीत रकाने पाडून दुःख मापणं हे अस्सल पुणेरी काम आहे.

कट_टू

भवानीताई, वही प्रेक्षकांसाठी नाही, चर्चा चालवणाऱ्यासाठी आहे. फिल्मच्या आधी यातलं अवाक्षरही बोलायचं नाही. पहिल्यांदा बघताना माणसाने पूर्ण वाहून जावं, तो त्याचा हक्क आहे. प्रश्न त्याच्या नंतरचा आहे.

रिळवाला

आवाजाबद्दल लिहितो, कारण डोळ्यापेक्षा कान जास्त फसतो.

पहिल्या महायुद्धाच्या सगळ्या चित्रणाला मूळचा आवाज नाही. दुसऱ्या महायुद्धात रणभूमीवरच्या कॅमेरामनचे हातातले कॅमेरेही बहुतांशी मुकेच होते. म्हणजे त्या काळातल्या दृश्यावर तुम्हाला बुटांची करकर, गोळीचा सणसणाट, घोड्याचं फुरफुरणं ऐकू आलं तर ते नंतर कोणीतरी स्टुडिओत बसून घातलेलं आहे. खोटेपणा म्हणून सांगत नाही, ती रीतच आहे. पण छातीत जे धस्स झालं ते १९४४ च्या तोफेने नव्हे, मिक्सिंग टेबलाने केलं, एवढं माहीत असावं.

अलीकडच्या मोबाइल चित्रणात एक सोपी परीक्षा आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला जवळपास तीन सेकंद. स्फोट शहराच्या पलीकडच्या टोकाला दिसतोय, धूर बोटभर आहे आणि धमाका त्याच क्षणी ऐकू आला, तर आवाज सरकवलेला किंवा वरून चढवलेला आहे. कच्च्या चित्रणात आधी लखलखाट, मग दोन-चार सेकंद शांतता, कोणीतरी 'अरे' म्हणतं, मग खिडक्या हादरतात. संकलक ती शांतता कापतो कारण ती 'रिकामी' वाटते. माझ्या मते तीच सगळ्यात भयानक असते.

रचलेली दृश्यं हाही जुना रोग. 'द बॅटल ऑफ द सोम' ही ब्रिटिश फिल्म १९१६ च्या ऑगस्टमध्ये, लढाई चालू असतानाच थिएटरात आली आणि पहिल्या सहा आठवड्यांतच तिची सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. त्यातलं खंदकातून वर चढून धावणाऱ्या आणि कोसळणाऱ्या सैनिकांचं सगळ्यात गाजलेलं दृश्य आघाडीमागच्या प्रशिक्षण केंद्रावर घडवून आणलेलं होतं. आता गंमत बघा. १ जुलै १९१६ या लढाईच्या पहिल्या एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक खरोखर मेले. दृश्य रचलेलं, मरण खरं. 'सीन खोटा निघाला, म्हणजे सगळंच थोतांड' असं म्हणणारा एक जण तुमच्या हॉलमध्ये असणार. त्याच्यासाठी हे उदाहरण खिशात ठेवा.

याच्या उलट साक्षीचं उदाहरण. ऑक्टोबर १९९० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांपुढे पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी इन्क्युबेटरमधून बाळं काढून फरशीवर टाकली. देशभर लोक हेलावले, नेत्यांनी भाषणांत वापरलं. नंतर कळलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी आणि ती मोहीम एका जनसंपर्क कंपनीने आखलेली. इथे लोकांचे अश्रू खरे आणि हकिगत टिकली नाही. तरी कुवेतवर आक्रमण झालंच नव्हतं, असं त्यातून ठरत नाही.

आणि शेवटची नामावली कापू नका! जुनं चित्रण कोणत्या संग्रहातून आलं ते तिथेच असतं. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेशेजारी. दृश्य बघून 'हे इथलं वाटत नाही, या फिल्मचा पोतच वेगळा आहे' असं सांगू शकणारा माणूस या गावात शोधायला फार फिरावं लागणार नाही. असा एक पहिल्या रांगेत बसवा.

साधा माणूस

युट्यूबवर फिरणाऱ्या क्लिप घेऊन केलेल्या 'डॉक्युमेंटऱ्या' असतात, त्यांचं काय?

रिळवाला

त्यात आधी व्हिडिओ गेम वगळा. 'आर्मा ३' या गेममधले तुकडे इतक्या वेळा खरी लढाई म्हणून फिरले की २०२२ मध्ये गेमच्या कंपनीलाच ते ओळखायचे कसे हे जाहीर करावं लागलं. खुणा ठरलेल्या: चित्र मुद्दाम धूसर, रात्रीचं दृश्य, कॅमेरा विनाकारण हलता, माणसं जवळजवळ दिसतच नाहीत, आवाज गायब. एखादी चौकट थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्स, टिनआय, यांडेक्स अशा दोन-तीन ठिकाणी उलटा शोध घ्या. एकाच ठिकाणी शोधून थांबू नका, प्रत्येकाचं भांडार वेगळं. क्लिप उलटी-सुलटी, म्हणजे आरशासारखी फिरवलेली असेल तर शोध फसतो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसतायत का ते आधी बघा आणि चित्र सरळ करून पुन्हा शोधा.

टिळकरोडी

सगळे चित्र आणि आवाजावर बोलताहेत. मराठी सबटायटल किंवा निवेदन असेल तर खरी मेख क्रियापदात असते.

बॉम्ब पडला. बॉम्ब पाडला. बॉम्ब टाकला. पहिल्यात बॉम्ब पावसासारखा आपोआप पडतो. दुसऱ्या-तिसऱ्यात कोणीतरी लागतं. तसंच घर पडलं आणि घर पाडलं. एक काना आला की आरोपी तयार होतो, गेला की नाहीसा होतो. 'सत्तर जण मारले गेले' हे वाक्य व्याकरणात पूर्ण आहे आणि माहितीत अर्धं, कारण मारणारा वाक्याबाहेर उभा आहे.

मग नामं. आपल्या माणसाला वीरमरण येतं, तो हुतात्मा होतो, धारातीर्थी पडतो. समोरच्याचा खात्मा होतो, त्याला कंठस्नान घालतात, यमसदनी पाठवतात. अधल्यामधल्या गावकऱ्यांच्या वाट्याला 'बळी' येतो आणि तोही आकड्याला लटकलेला. कंठस्नान या शब्दाकडे जरा थांबून बघा: गळा चिरून त्याच्या रक्ताने आंघोळ. रोज पेपरात वाचून तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यातलं रक्त कोणालाच दिसत नाही. आणि 'शहीद' म्हणावं की 'हुतात्मा' यावर तर पुण्यात तासभर भांडण होऊ शकतं. लष्कराच्या कागदावर दोन्ही नसतात, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' लिहितात.

करायचं काय? निवेदनातली दहा-बारा वाक्यं एका कागदावर उतरवा. प्रत्येकाला एकच प्रश्न: कर्ता कुठाय? एका बाजूच्या मृत्यूंना कर्ता आहे आणि दुसऱ्या बाजूच्या नाही, असं दिसलं की फिल्मचा कल हातात आला. चर्चेतही हाच नियम लावा. कोणी 'अत्याचार झाले' म्हणालं की शांतपणे विचारा: कोणी, कोणावर, फिल्ममध्ये कुठे दिसलं? आवाज आपोआप खाली येतात. वाक्याला कर्ता जोडताना माणसाला विचार करावा लागतो, तेवढ्यात पारा थोडा उतरतो.

अनुष्टुभ

भरतमुनींची आठवण काढल्याशिवाय मराठी धागा पूर्ण होत नाही, म्हणून मीच काढतो.

नाट्यशास्त्रात सात्त्विक भाव, म्हणजे अंगावर आपोआप उमटणारे, आठ आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यात अश्रू हा आठातला एक. दगडासारखा बसून राहिलेला माणूस म्हणजे स्तंभ, ज्याचा आवाज फुटत नाही तो स्वरभंग, हात कापतो तो वेपथू. आपल्या हॉलमधले लोक मात्र फक्त अश्रू मोजतात आणि न रडणाऱ्याला कोरडा ठरवतात. संयोजकाने एवढं जरी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

दुसरं, करुण रसाचा स्थायी (मूळ) भाव शोक आणि बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे शिसारी. मृतदेहावर कॅमेरा दोन सेकंद थांबला तर शोक होतो, वीस सेकंद थांबला तर शिसारी येते आणि शिसारी आली की माणूस तोंड फिरवतो. तोंड फिरवलेल्याला करुणा वाटत नाही.

मनोव्यापार

अनुष्टुभ, आठ भावांची यादी आवडली, पण रसाची चौकट इथे पूर्ण बसत नाही. रसाला हे नाटक आहे याची जाण लागते. इथे पडद्यावर मेलेला माणूस घरी परत जात नाही.

आता विदा (डेटा). १९६४ मध्ये स्पाइसमन, लझारस आणि सहकाऱ्यांनी एका आदिवासी विधीतल्या शस्त्रक्रियेची मुकी फिल्म लोकांना दाखवली. चित्र तेच, निवेदन वेगवेगळं. एकात वेदनेवर भर, दुसऱ्यात 'मुलांना याचा आनंदच आहे' असा सूर, तिसऱ्यात अभ्यासकाचं थंड वर्णन. त्वचेच्या विद्युतवहनावरून ताण मोजला. वेदनेवर भर असलेल्या निवेदनाने तो वाढला, बाकीच्या दोन्हींनी तो मुक्या फिल्मपेक्षाही खाली आणला. म्हणजे टिळकरोडी म्हणतात ते नुसतं व्याकरण नाही, घामापर्यंत पोचतं.

पण हलणं म्हणजे मत बदलणं नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सैनिकांसाठी 'व्हाय वी फाइट' ही सात फिल्मांची मालिका केली. कार्ल हॉवलंड आणि सहकाऱ्यांनी तिचा परिणाम मोजला, १९४९ मध्ये पुस्तक निघालं. सैनिकांची माहिती वाढली, काही मतं थोडी हलली आणि लढण्याची इच्छा जवळपास होती तिथेच राहिली. तेव्हा एका संध्याकाळी सोसायटीचं मतपरिवर्तन होईल ही आशा सोडा आणि भीतीही सोडा.

राडा का होतो? शरीर तापलेलं असतं म्हणून. उद्दीपन ओसरायला मिनिटं लागतात, पण डोक्याला वाटतं आपण शांत झालो. त्या उरलेल्या धगीत समोरच्याचं साधं वाक्यही डिवचल्यासारखं लागतं. डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात याला 'उद्दीपनाचं स्थलांतर' म्हटलं. दुःखाची धग रागाच्या चुलीत जाते. म्हणून नामावली संपली की लगेच माइक फिरवायचा नाही. वेळापत्रक असं ठेवा: ६ ला चार मिनिटं प्रस्तावना, मग फिल्म, ती ७.३८ ला संपते. १२ मिनिटं चहा, हॉलच्या बाहेर, उभ्याने, चालत. ७.५० ला आत, पाच मिनिटं चिठ्ठ्या. ७.५५ ते ८.४० चर्चा.

चिठ्ठीवर दोनच ओळी: पडद्यावर दिसलेली एक गोष्ट (कुठे ते सांगून) आणि एक प्रश्न. नाव नाही. पहिली पंधरा मिनिटं संयोजकाने फक्त चिठ्ठ्या वाचायच्या, माइक त्याच्याकडेच. त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचीच चर्चा, असं होत नाही.

एक चूक हमखास होते, ती टाळा. गोल बसवून प्रत्येकाला 'तुम्हाला काय वाटलं सांगा' असा आग्रह. आघातानंतर एकाच बैठकीत सक्तीने बोलतं करण्याने पुढचा त्रास टळत नाही, हे यावरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात आलंय. ज्याला बोलायचंय तो बोलेल, ज्याला नाही त्याला चहा.

नळस्टॉप

आधी इशारा द्यावा का? 'विचलित करणारी दृश्यं' वगैरे?

मनोव्यापार

इशाऱ्याने त्रास कमी होतो असं संशोधनात दिसलेलं नाही, बघण्याआधीची धास्ती मात्र थोडी वाढते. तरी माहिती द्या. घाबरवण्यासाठी नाही, निवडीसाठी: '४१व्या मिनिटाला मृतदेह दिसतात, साधारण दीड मिनिट. ६७व्या मिनिटाला हॉस्पिटल, तिथे चित्रापेक्षा आवाज जड आहे. बाहेर जायचं असेल तर डावीकडचं दार उघडं आहे.' एवढंच, बातम्या वाचल्यासारखं. 'मन घट्ट करा' म्हणायचं नाही.

'त्या फिल्मने मला पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक विकार) झाला' असं सर्रास म्हणतात. डीएसएम-५ या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत (२०१३) नोकरीचा भाग म्हणून पाहावं लागलेलं सोडलं तर पडद्यावर पाहिलेलं त्या निदानाच्या व्याख्येत धरत नाहीत. म्हणून त्रास खोटा ठरत नाही. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरच्या अभ्यासात रोज सहा किंवा जास्त तास बातम्या बघणाऱ्यांचा तीव्र ताण प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला. तिथे वाईट ठरलं ते तासन्तास तेच ते बघणं. म्हणून फिल्मनंतर घरी जाऊन त्याच युद्धाच्या क्लिपा रात्री दोनपर्यंत पालथ्या घालू नका, हे मात्र जाताना जरूर सांगा.

एखादं दृश्य डोळ्यांपुढून हटत नसेल तर डोळ्यांना काम लागेल असं काही करावं. एमिली होम्स यांच्या २००९ च्या प्रयोगात आघाती फिल्म बघितल्यावर अर्ध्या तासाने दहा मिनिटं टेट्रिस खेळलेल्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. ठोकळे फिरवण्यात नजरेची स्मृती गुंतते. निवडणं-टिपणं, रांगोळी, भरतकाम यात तसंच होत असावं, हा माझा अंदाज, अभ्यास नाही. झोप उडाली, दोन आठवडे झाले तरी तेच, तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वानवडीकर

पुण्यात हा कार्यक्रम करताना एक गोष्ट विसरू नका, हे फौजेचं गाव आहे. दक्षिण मुख्यालय इथे, खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र, खडकीला १९७४ पासून पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र. चाळीस जणांत एखादं तरी फौजी घर असणारच, आणि ते ओळख सांगणार नाही.

तेव्हा स्टेजवरून 'इथे कोणी माजी सैनिक आहेत का, त्यांनी दोन शब्द बोलावेत' हे अजिबात नको. माणसाला भर सभेत उभं करून त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस मागायचा, ही कुठली रीत? शेवटच्या रांगेत दाराजवळच्या चार खुर्च्या मोकळ्या ठेवा, पाटी लावू नका. ज्याला पाठीशी भिंत आणि समोर दार लागतं तो बरोबर तिथे जाऊन बसतो. फिल्म चालू असताना दार कडी लावून बंद करू नका. वीज जाण्याची शक्यता असेल तर प्रोजेक्टर यूपीएसवर टाका: स्फोटाच्या दृश्यात अचानक काळोख आणि मग जनरेटरचा धडधडाट, हे नको.

आता आकड्यांचं. हजार मेले की ऐकू येत नाही, एक चेहरा लागतो, असं म्हणतात ते बरोबर. पण आकडा अंगावर घ्यायचा असेल तर खडकीच्या युद्ध दफनभूमीत एकदा रांगेने चालून या. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून जास्त कबरी, सगळ्यांचे दगड सारख्या मापाचे, कोणाचा मोठा नाही. प्रत्येकावर नाव, तुकडी, तारीख. पहिल्या चार रांगा माणूस वाचत जातो. पुढे वाचणं सुटतं. ते सुटतं तेव्हा आकडा म्हणजे काय ते कळतं.

भोचक भवानी

वानवडीकर, खुर्च्यांचं मनापासून पटलं. वही-रकान्यांबद्दल माझं मत अर्धं बदललं, अर्धं राखून ठेवते.

साउंडचेक

धागाकर्त्याने खुर्च्या आणि आवाज विचारलं होतं, आणि इथे सगळे विचारवंत. घ्या.

सोसायटीच्या हॉलमध्ये आवाजाची पातळी संवादावर लावतात, म्हणून स्फोट आला की भिंती थरथरतात. उलट करा. फिल्ममधला सगळ्यात मोठा प्रसंग आधी शोधा, रिकाम्या हॉलमध्ये मधल्या रांगेत बसून तो ऐका, दचकायला होणार नाही इतपत आणा आणि मग संवाद कळतात का ते बघा. नाही कळले तर स्पीकर कानाच्या उंचीवर आणून पुढे घ्या, आवाज वाढवू नका. थिएटरचा ८५ डेसिबलचा मापदंड मोठ्या हॉलसाठी आहे. चाळीस खुर्च्यांच्या खोलीत सरासरी ७५ च्या आसपास पुरे. मोबाइलमधलं मापक अंदाजापुरतं चालेल. माणसं भरली की कपडे आवाज शोषतात, तेव्हा रिकाम्या हॉलपेक्षा किंचित कमी वाटेल, घाबरू नका.

सबवूफर कोपऱ्यात ठेवू नका. दोन भिंतींच्या बेचक्यात खालचे सूर फुगतात, छातीवर दाब आल्यासारखं होतं आणि लोक म्हणतात 'फिल्मने गुदमरवलं'. फिल्मने नव्हे, तुमच्या कोपऱ्याने. मार्बलची फरशी असेल तर घुमतं, म्हणून सतरंज्या टाका, मागच्या भिंतीला जाड पडदा.

पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर. बसलेल्या माणसाची नजर साधारण त्याच उंचीवर असते, आणि सबटायटल खाली असतात. पुढच्याचं डोकं मध्ये आलं तर मागचे निम्मे लोक फक्त किंकाळ्या ऐकतात, शब्द वाचत नाहीत. अर्धी गैरसमजुतीची भांडणं तिथून उगवतात. खुर्च्या एकाआड एक, अर्धी खुर्ची सरकवून लावा.

साधा माणूस

परवानगीचं कोणी बोललं नाही.

कट_टू

बरोबर. घरचं ओटीटी सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं, हॉलमध्ये लावायचं नाही. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून मेलवर लेखी होकार घ्या. माहितीपटवाले बहुतेकदा आनंदाने देतात, कधी नाममात्र पैसे मागतात. आणि जाहीर, म्हणजे कोणालाही आत सोडणारं प्रदर्शन असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. 'ए' असेल तर सोळा वर्षांची मुलं बाद. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए'मध्ये ७, १३, १६ असे टप्पे आलेत, तेही वाचा.

नळस्टॉप

सगळ्यांचे आभार. वेळापत्रक मनोव्यापारांचं, खुर्च्या वानवडीकरांच्या, पडदा चार फुटांवर. टिळकरोडींचा 'कर्ता कुठाय' कागदावर मोठ्या अक्षरात लिहून संयोजकाच्या टेबलावर ठेवतोय, भिंतीवर नाही.

शेवटचं विचारतो, नामावलीच्या वेळी दिवे?

साउंडचेक

पहिलं नाव आलं की ट्यूबा फटाफट लावतात, तसं करू नका. रडणारा माणूस उघडा पडतो. नामावली पूर्ण चालू द्या, ती संपल्यावर मागच्या भिंतीवरची एकच ट्यूब लावा. अर्ध्या मिनिटाने बाकीच्या. पंखे मात्र चालूच ठेवा, त्यांच्या आवाजात नाक ओढलेलं ऐकू येत नाही.

भोचक भवानी

आणि चहावाल्याला सांगून ठेवा, कपबश्या नकोत, कागदी कप. शेवटच्या शांत प्रसंगात हमखास बाहेर ट्रे आपटतो आणि कोणीतरी विचारतं, "बिनसाखरेचे किती?"